नन्नाकाकांचा होकार

गल्लीत त्यांना नन्नाकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. चहा घेणार का विचारलं तर नाही, बसणार का तर नाही, पंखा लावू का तर नाही. मग ते बसत, चहा घेत आणि पंख्याखालची खुर्ची पकडत. आधी नाही म्हणायचं, विचार नंतर करायचा, ही त्यांची रीत. पस्तीस वर्षं त्यांनी ओतकाम कारखान्यात भट्टीपाशी काढली होती. तिथे मुकादमाच्या पहिल्या शब्दाला जो हो म्हणतो त्याचेच हात भाजतात, असं ते सांगत. हात वाचले होते. फुप्फुसं मात्र भट्टीने ठेवून घेतली. शर्टाच्या खिशात कायम दम्याचा निळा पंप असे, आणि जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून ते भिंतीचे पोपडे बघत असल्याचं सोंग करत.

त्यांची मुलगी जनमत चाचण्या करणाऱ्या कंपनीत प्रश्न काढायची. फोन करणाऱ्या मुली वेगळ्या, आकडे जुळवणारे वेगळे. हिचं काम फक्त प्रश्न. कोणता शब्द ठेवायचा, कोणता गाळायचा, आधी काय विचारायचं आणि मग काय. प्रश्न काढण्यात कसलं आलंय काम, असं म्हणणाऱ्यांची तिला कीव यायची. माणूस सहाव्या प्रश्नाला काय उत्तर देईल हे त्याच्या मतापेक्षा त्याआधी तो पाचदा काय म्हणाला यावर ठरतं, हे ती अकरा वर्षांत शिकली होती. पाच वेळा हो म्हटलेला माणूस सहाव्यांदा अडखळतो, पण सहसा थांबत नाही. स्वतःलाच खोटं पाडायला कुणाला आवडतं?

तिची एक युक्ती होती, ती तिने ऑफिसात कधी सांगितली नाही. नवे प्रश्न तयार झाले की बाकीचे लोक शेजारच्या टेबलावर विचारून बघत. ही घरी आणून वडिलांना विचारायची. रविवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, भाजी निवडता निवडता. शहरभर शोधूनही इतका हट्टी माणूस सापडला नसता. हा हो म्हणाला तर कुणीही म्हणेल. टूथपेस्ट, बसचं वेळापत्रक, बँकेची नवी खिडकी, सगळं तिने त्यांच्या गळी उतरवून पाहिलं होतं. दोघांचा हा खेळच होता. ते नाही म्हणायचे, का नाही ते सविस्तर सांगायचे, ती ते टिपून घ्यायची, आणि पुढच्या रविवारी सुधारलेला मसुदा घेऊन बसायची. शेवटी ते हो म्हणाले की भांडी त्यांनी घासायची, आणि नाहीवर टिकले तर तिने. आई गेल्यापासून त्या घरात हसण्यासारखं एवढंच उरलं होतं.

फाइल क्रमांक चारशे सतरा आली ती नावागावाशिवाय. ग्राहक कोण, जागा कुठली, काही लिहिलेलं नव्हतं. शहरातला कचरा जाळून वीज करणारं एक केंद्र वस्तीजवळ उभारायचं आहे, लोकांचा पाठिंबा कितपत मिळेल ते बघायचं आहे, एवढंच.

"शहरातला कचरा हटावा असं वाटतं का?" तिने पहिल्या रविवारी विचारलं.

"हो. कुणाला नाही वाटणार?"

"त्याच कचऱ्यातून वीज मिळाली तर चांगलं होईल का?"

"हो."

"असं केंद्र तुमच्या वस्तीजवळ होत असेल तर पाठिंबा द्याल का?"

"नाही," वडील म्हणाले आणि शेंगेचं देठ मोडलं. "जाळणार म्हणजे धूर आला. धूर कोण मोजणार? ज्याची चिमणी तोच. म्हणजे झालंच."

तिने टिपून घेतलं. पुढच्या रविवारी बाहेरचे तज्ज्ञ धूर मोजणार होते. वडील म्हणाले, मोजतील आणि आकडा कपाटात ठेवतील. त्याच्या पुढच्या रविवारी तो आकडा दर तासाला चौकातल्या फलकावर दिसणार होता. त्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि कचऱ्याच्या गाड्यांचं काढलं. गाड्या शाळेसमोरून जाणार, पोरं चिरडणार. मग गाड्या शाळेच्या वेळेत बंद झाल्या. मग नोकऱ्या बाहेरच्यांना मिळणार म्हणून नाही. मग वस्तीतल्यांना आधी. मग आज सांगतील आणि दोन वर्षांनी विसरतील म्हणून नाही. मग सगळं लेखी, नगरपालिकेच्या शिक्क्याने. नन्नाचा पाढा चालू होता आणि प्रत्येक नन्नामागे एक पक्कं कारण होतं. ती कारणं तिने एकेक करून प्रश्नांत बसवली. अकरा वर्षांत इतकं सुंदर काम तिच्या हातून झालं नव्हतं, आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता, हेही सांगितलं पाहिजे.

पाचव्या मसुद्याच्या वेळी फाइलमध्ये एक पान आलं. त्याच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहून खोडलं होतं. उजेडाकडे धरल्यावर वाचता यायचं: ओतकाम कारखान्याची रिकामी जागा. शहरात बंद पडलेले कारखाने काय एकदोन आहेत, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पान उलटलं. तिला कळलं नाही असं नव्हतं. तिला कळून घ्यायचं नव्हतं. ते आपण सगळेच करतो, पण आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या जागेवर उघडत नाही. तिची उघडत होती.

नवव्या मसुद्याला वडिलांनी हात वर केले. "धूर बाहेरचे मोजणार, आकडा चौकात दिसणार, गाड्या वेळेवर, नोकऱ्या आपल्यांना, सगळं लेखी. एवढं सगळं असेल तर काय बोलणार? हो म्हणावंच लागेल. हरलो बुवा." आणि हसता हसता त्यांना ढास लागली. पंप ओढून झाल्यावर त्यांनी भांडी घासली.

तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात बातमी आली की बंद पडलेल्या ओतकाम कारखान्याच्या जागेवर ऊर्जा केंद्र होणार. जागा एका मोठ्या उद्योगसमूहाने घेतली होती. हा समूह घरं बांधायचा, सिमेंट करायचा, ती बातमी छापणारं वर्तमानपत्रही त्याचंच होतं, आणि गेल्या निवडणुकीत भांडणाऱ्या दोन्ही उमेदवारांचे फलक त्याच्याच छापखान्यात निघाले होते. वडील बातमी वाचून ताडकन उठले. तिला तोंड उघडायची संधीही न देता ते गल्लीतल्या शिवणकाकूंकडे गेले. शिवणकाकू म्हणजे तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई. गल्लीतला एकही माणूस त्यांच्या मापातून सुटलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत समिती उभी राहिली. काका अध्यक्ष, काकू चिटणीस, वाचनालयातून उसन्या आणलेल्या चोवीस घडीच्या खुर्च्या काकांच्या जिन्याखाली. डॉक्टरांनी काकांना सांगून ठेवलं होतं, आता आणखी धूर नको, एक हिवाळाही निघणार नाही. घर सोडून जायला ते तयार नव्हते. म्हणजे केंद्र झालं तर काय होणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. कंपनीचे साहेब कधी आवाज चढवत नसत. पाणी विचारत, खुर्ची पुढे करत.

"ते तज्ज्ञ, तो चौकातला फलक, लेखी हमी, यातलं खरंच काही आहे का?" तिने विचारलं.

"आपण कुठे म्हणालो आहे म्हणून? आपण विचारलं, असेल तर पाठिंबा द्याल का. लोक म्हणताहेत, देऊ."

"मग अहवालात तसं लिहू या. या अटींवर पाठिंबा."

"बाई, अहवालात जागा किती असते?" साहेब हसले. "एक आकडा जातो. आणि खरं सांगू, तुमचं काम बघून ग्राहक खूश आहे. इतका घट्ट प्रश्नसंच त्यांनी पाहिला नव्हता. माणसाच्या मनात येण्याआधीच तुम्ही शंका मिटवता. कसं जमतं हो?"

तिथून ती थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. तिथे तिची शाळेपासूनची मैत्रीण उपसंपादक होती. मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि संगणकावर शुक्रवारचं पहिलं पान उघडून दाखवलं. ठळक मथळा होता: ऊर्जा केंद्राला दहापैकी आठ जणांचा होकार.

"पण अजून निम्मे फोनसुद्धा झालेले नाहीत."

"आकडा वरून आला," मैत्रीण म्हणाली. "चुकला तर दुरुस्त करू म्हणाले. चुकणार नाही म्हणाले. अगं, मला दोन मुलं आहेत. तू आली होतीस हे मी विसरते, तूही विसर."

उरला प्रभागाचा नगरसेवक. हा पूर्वी काकांच्या घरी येऊन चहा प्यायचा, मतं मागायचा, जाताना पाया पडायचा. त्यानेही तिला प्रेमाने बसवलं. "काकांबद्दल मला आदर आहे. पण मी लोकांचा नोकर. दहातले आठ हो म्हणत असतील तर मी कोण नाही म्हणणारा?" ते आठ जण कुठून आले हे ती सांगायला लागली तशी त्याने काखा वर केल्या. "बुधवारी जाहीर सुनावणी आहे. तिथे बोला ना. लोकशाही आहे."

रविवारी सकाळी शिवणकाकू वर आल्या. चेहरा उतरलेला. "काका, माझ्या हातून चूक झाली. काल फोन आला होता. गोड बोलणारी पोरगी होती. पहिलं विचारलं कचरा हटावा का, मी म्हटलं हो. मग धूर बाहेरच्या लोकांनी मोजला तर, म्हटलं हो. मग म्हणे आकडा दर तासाला चौकात लावला तर..."

भाजी निवडणारे काकांचे हात थांबले.

"मग शाळेच्या वेळेत गाड्या नसतील तर," काकू सांगत होत्या. "आता याला नाही कसं म्हणायचं? शेवटी पाठिंबा आहे का विचारलं आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. समितीची चिटणीस मी, आणि हो म्हणून बसले."

"असू दे," काका म्हणाले. "सगळ्यांचंच निघालं असेल." काकू गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि टेबलाशी येऊन बसले. मुलगी उभीच होती.

"तुला ठाऊक होतं?"

"पाचव्या मसुद्यापासून."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. "गल्लीत फिरून मी लोकांना जे जे सांगतो, त्या सगळ्याचं उत्तर त्यांना आधीच फोनवर मिळालेलं असतं. मला वाटायचं, हे वरचे लोक भलतेच हुशार. माझ्या मनातलं त्यांना कळतंच कसं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती म्हणाली, बुधवारी सुनावणीत मी उभी राहते. नऊच्या नऊ मसुदे घेऊन जाते, तारखांसकट. प्रश्न कसे काढले ते सगळ्यांसमोर सांगते. नोकरी गेली तर जाऊ दे.

"नाही," वडील म्हणाले.

"का?"

"तू जे बोलशील ते हे लोक वापरतील. कसं ते मला आत्ता सांगता यायचं नाही. पण वापरतील. तू गप्प राहा, मला एकट्याला बोलू दे."

इथे तिने जे केलं ते तिने मुद्दाम केलं नाही, असं मला वाटतं. अकरा वर्षांची सवय होती. समोरचा नाही म्हणाला की तो चुकला असं तिला वाटायचंच नाही, आपला प्रश्न कच्चा राहिला असं वाटायचं. ती समोर बसली, डोळे पुसले आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, चाचणी खोटी आहे, हे खरं ना?"

"हो."

"ते लोकांना कळायला हवं ना?"

"हो."

"आणि ते पुराव्यानिशी सांगू शकेल असं माझ्याशिवाय कुणी आहे का? म्हणजे मी एकटीच आहे, बरोबर ना?"

"हो, पण..."

"मी गप्प राहिले आणि केंद्र झालं, तर मला जन्मभर बोचेल, हे तुम्हाला पटतं ना?"

बापाला शेवटी मुलीच्या बोचणीचाच विचार येतो. "हो," ते म्हणाले.

"मग बोलू?"

"बोल," ते म्हणाले. हा दहावा मसुदा होता. त्या दिवशी भांडी कुणीच घासली नाहीत.

बुधवारी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. नगरसेवक अध्यक्षस्थानी. कोपऱ्यात समूहाचा माणूस बसला होता, साध्या शर्टात, मांडीवर एक वही. शेवटपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. काका पहिल्या रांगेत, शेजारी शिवणकाकू, मागे सगळी गल्ली. मुलगी उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. फाइल, खोडलेली ओळ, खोट्या अटी, अहवालातून त्या अटी गाळल्या ते. नऊ मसुदे तिने एकेक करून टेबलावर ठेवले. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. क्षणभर तिला खरंच वाटलं की जमलं.

नगरसेवकाने मसुदे चाळले. पाणी प्यायला. "बाई, तुमच्या धैर्याचं कौतुक आहे," तो म्हणाला. "मला एकच समजून घ्यायचंय. हे प्रश्न तुम्ही कुणाला विचारून पक्के केले?"

"वडिलांना."

"म्हणजे समितीच्या अध्यक्षांना. तेव्हा त्यांना ग्राहक ठाऊक होता? कुणाचा दबाव होता?"

"नाही. पण..."

"घरात, निवांतपणे, नऊ वेळा विचारलं. आणि नवव्या वेळी ते काय म्हणाले?"

ती वडिलांकडे बघत होती. त्यांच्या हातात पंप होता, आणि तो त्यांनी ओढला नव्हता.

"ते अटींवर म्हणाले होते."

"काय म्हणाले, बाई? काकांनी आयुष्यात खोटं बोललेलं मला आठवत नाही. काका, तुम्हीच सांगा. तुम्ही काय म्हणालात?"

काका उभे राहिले. नाही म्हणायला एक क्षण लागला असता. सगळी गल्ली त्या एका शब्दाची वाट बघत होती. तो शब्द त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाच्या तोंडी बसलेलाच नव्हता. पण ते खोटं झालं असतं, आणि मुलगी भर सभेत खोटी पडली असती.

"हो म्हणालो," ते म्हणाले आणि बसले.

पुढचं फार वेळ चाललं नाही. मतदान झालं, हात वर झाले, मंजुरी मिळाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर काकांचा फोटो होता, मान खाली घातलेला, आणि वर मथळा: विरोधी समितीच्या अध्यक्षांचाही होकार. आत एका चौकटीत छापलं होतं की चाचणीच्या शास्त्रशुद्धतेची ग्वाही खुद्द अध्यक्षांच्या कन्येने दिली. तिच्या मैत्रिणीने लिहिलं नसावं. लिहिलंही असेल.

दुपारी शिवणकाकू आल्या आणि जिन्याखालच्या चोवीस खुर्च्या चार चार करून घेऊन गेल्या. मदत करू का म्हणून तिने विचारलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ऑफिसातून साहेबांचा फोन येऊन गेला होता. काढून टाकलं नव्हतं. उलट म्हणाले, दोन दिवस विश्रांती घ्या, सोमवारी नवी फाइल आहे.

आठवडाभराने खिडकीबाहेर पत्र्याचं कुंपण उभं राहिलं आणि मातीचे डंपर सुरू झाले. काका टेबलाशी बसले होते. तिने भांडं गॅसवर ठेवायच्या आधी विचारलं, "बाबा, चहा ठेवू?"

"हो."

तिचा हात थांबला. "पंखा लावू?"

"हो."

"थोडं पडता का?"

"हो." ते उठले नाहीत.

"माझ्यावर रागावलात?"

"हो," त्याच आवाजात.

तिने श्वास घेतला. "की नाही रागावलात?"

"हो."

खिडकीतून बारीक धूळ येत होती आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रावर बसत होती. ती कडीला हात लावून उभी राहिली. ही उघडीच ठेवू का, असं तिने विचारलं. नुसतं बघायला, ते काय म्हणतात ते. ते हो म्हणाले. खोकत होते आणि हो म्हणाले. तिने धाडकन खिडकी लावली, त्यांच्या खिशातला पंप काढून त्यांच्या हातात दिला आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. कुणाच्याही तोंडून काहीही काढून घ्यायची तिची सगळी विद्या तिने आठवून पाहिली. त्यात याला उपाय नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "एकदा तरी नाही म्हणा."

"हो," ते म्हणाले.